तिसरी पायरी डावीकडे कलते

नाही नाही, काकू, तुम्ही उठूच नका — खुर्ची घेतो मी ओढून — आणि पाणीबिणी काही नको, आम्हाला नियमच आहे, तपासणीच्या घरी काही घ्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, मागे आमच्यातल्या एकाने सरबत घेतलं आणि त्याच्यावर दोन महिने चौकशी चालली — तर मी काय सांगत होतो? हां, दाराचं. मी बेल वाजवल्यापासून तुम्ही दार उघडेपर्यंत चार मिनिटं गेली. चार. मी घड्याळ बघत होतो. राग नका मानू, पण चार मिनिटांत माणूस काय वाट्टेल ते लपवू शकतो, म्हणून आम्हाला ते लिहून ठेवावं लागतं — "दार उघडण्यास विलंब, चार मिनिटे" — हे बघा, लिहिलंय. आता प्लास्टर आहे ते दिसतंय मला. गुडघ्याच्या वरपर्यंत आहे, तेही दिसतंय. पण या फॉर्मवर विलंबाचा रकाना आहे, प्लास्टरचा नाही. त्याला मी काय करणार?

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, म्हणजे गैरसमज नको. मी शिडी बनवणाऱ्यांचा माणूस नाही. ज्या साइटवरनं तुम्ही शिडी मागवलीत, त्या साइटचा. अभिप्राय खात्री विभाग. लोक वस्तू घेतात, खाली दोन ओळी लिहितात, स्टार देतात — त्यातलं खरं कुठलं आणि कोणीतरी पैसे चारून लिहून घेतलेलं कुठलं, ते निवडायचं काम आमचं. तांदळातले खडे निवडतात ना, तसं. तर तुम्ही एक स्टार दिलात आणि लिहिलंत, "तिसरी पायरी डावीकडे कलते. मी पडले. पाय मोडला. ही शिडी विकणं थांबवा." आम्ही ते काढून टाकलं. तुम्ही परत टाकलंत. आम्ही परत काढलं, तुम्ही परत टाकलंत — असं पाच वेळा झालं, काकू, पाच वेळा! शेवटी आमचे साहेब म्हणाले, जा बाबा एकदा घरी आणि बघून ये, ही बाई आहे तरी का. म्हणजे जगात आहे का. तर तुम्ही आहात. ते मी लिहिलंय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, आता तेरा राहिले.

शेवटचा प्रश्न फक्त महत्त्वाचा — "खरा" किंवा "बनावट", एकावर खूण. "खरा"वर खूण झाली तर आज संध्याकाळपासून ती शिडी साइटवरनं खाली, तपासणी होईपर्यंत विक्री बंद. "बनावट"वर झाली तर तुमचं खातं बंद आणि विषय संपला. नाही, पेन्सिलने नाही करत, पेननेच करतो.

हे शिलाई मशीन तुमचं? पायाचं आहे — अच्छा. म्हणजे दोन महिने बंदच. आणि हे गठ्ठ्याने पडलंय ते — शाळेचे गणवेश? बापरे. मग आता कोण शिवून देतं? — कोणीच नाही. बरं. याला काही रकाना नाही, पण थांबा, "इतर" म्हणून आहे खाली, त्यात टाकतो. "शिलाई मशीन आहे. बंद आहे." झालं. बघा, मी काही दगडाच्या काळजाचा नाही.

काठीने काय दाखवताय? — हो, हो, पाहिली मी, आल्या आल्या पाहिली, कोपऱ्यात उभी केलीय ती. नाही, मी नाही हात लावणार. चढणं तर सोडाच. तुम्हाला वाटेल हा कसला तपासनीस, पण काकू, आम्ही वस्तू तपासत नाही, आम्ही मजकूर तपासतो. वस्तू हा वेगळा विभाग आहे, वरच्या मजल्यावर. तिथे पाच जण बसायचे, आता एकच आहे, आणि तोही बहुतेक रजेवर असतो. आणि खरं सांगू का, वस्तूकडे बघायची गरजच पडत नाही. लिहिणारा खोटा आहे की खरा, ते अक्षरांत दिसतं. मला तर चार ओळींत दिसतं. आमच्या खोलीत अठरा जण आहेत, पण अवघड आलं की माझ्याकडे सरकवतात.

कसं म्हणजे? आता बघा — खोटं लिहिणारा कधी बाहेरचं काही लिहीत नाही. "उत्कृष्ट उत्पादन. मी व माझे कुटुंब अत्यंत समाधानी आहोत." असं कोण बोलतं हो घरात? खरा माणूस काय लिहितो — शिडी चांगली आहे पण आणणारा मुलगा उद्धट होता, खोकं भिजलेलं होतं, सुनेला रंग आवडला नाही. खऱ्या माणसाला सुनेबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. खोट्याला सूनच नसते. एकदा तर काय झालं, एका इस्त्रीला रातोरात दोनशे रिव्ह्यू आले, सगळे पाच-पाच स्टार. उघडून बघतो तर लिहिलंय, "अंगाला फार मऊ लागते, रात्रभर घालून झोपलो, मुलं तर काढायलाच तयार नाहीत." इस्त्री, काकू! कुणीतरी पायजम्याचं उचलून इस्त्रीला चिकटवलेलं. दोनशेच्या दोनशे काढले मी, जेवायच्या सुट्टीच्या आत. — हसलात ना? हसा, हसा, त्याला काही रकाना नाही.

आणि उलटंही करतात. म्हणजे आपला माल चांगला म्हणण्यापेक्षा दुसऱ्याचा वाईट म्हणायचा. भाड्याची माणसं बसवायची आणि प्रतिस्पर्ध्याच्या वस्तूला एक-एक स्टार द्यायला लावायचा. ते ओळखणं जास्त कठीण. पण माझा एक नियम आहे, आणि तो मी इथे नाही शिकलो, तो मी शाळेतनं आणला. मी आधी मास्तर होतो. बारा वर्षं गणित शिकवलं, पेपर तपासले. पेपर तपासताना कॉपी कशी पकडायची, माहितीये? बरोबर उत्तर बघायचंच नाही. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच येणार, त्यात पकडण्यासारखं काही नसतं. चूक बघायची. दोन पेपरांत एकच चूक, त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीने — झालं, एकाने दुसऱ्याचं बघून लिहिलं. बारा वर्षांत एकदाही चुकलो नाही मी. मुलं मला "दुर्बीण" म्हणायची. मागून. मला माहीत होतं.

तर चार महिन्यांपूर्वी याच शिडीचं प्रकरण माझ्यापुढे आलं. तीन आठवड्यांत आठ रिव्ह्यू. सगळे एक स्टारचे. आणि आठही ठिकाणी — ऐका हं — "तिसरी पायरी डावीकडे कलते." तिसरी. पायरी. डावीकडे. कलते. आठ वेगवेगळी माणसं, आठ वेगवेगळी गावं, आणि वाक्य एक! एकाने सुद्धा "दुसरी पायरी" म्हणू नये? एकाने तरी "उजवीकडे"? पुढे आणखी तेच — "चढताना काही कळत नाही, उतरताना कलते" — तेही आठांपैकी सहा जणांनी. म्हटलं आला रे आला, एकाच हातचं काम. कुणीतरी बसून आठ खाती उघडलीत आणि नावं बदलून तेच ते लिहिलंय. पाच मिनिटंही लागली नाहीत मला. आठही काढले, आठही खाती बंद केली. दोघांनी पत्र पाठवलं नंतर, एकाने तर एक्स-रेचा फोटो जोडला होता. पण एक्स-रे काय, कुणाचाही मिळतो, काकू. हाडावर नाव थोडंच लिहिलेलं असतं.

त्या महिन्याचा उत्तम तपासनीस म्हणून माझा सत्कार झाला. चहाचा मग दिला, हा एवढा, त्यावर पाच स्टार छापलेले. शिडी तीन पॉइंट एकवर घसरली होती, ती एका दिवसात चार पॉइंट सातवर आली. सगळ्या शिड्यांत पहिली. आणि मी नुसतं बोलून दाखवणारा माणूस नाही — गेल्या महिन्यात मी स्वतः घेतली. आईसाठी. तिची जुनी शिडी लाकडी होती, डुगडुगायची, मला सारखी धास्ती. हीच घेतली, हाच निळा रंग, पाच पायऱ्या, घडीची. इतके दिवस दारामागे गुंडाळलेलीच होती, आज उघडणार आहे ती. सकाळी निघताना म्हणाली, माळ्यावरनं लोकरीच्या पिशव्या काढते, दोन स्वेटर विणायचेत. म्हटलं काढ की, बिनधास्त चढ, चार पॉइंट सात स्टारची शिडी आहे, मी स्वतः साफ करून दिलेले स्टार आहेत ते. एकाहत्तर वर्षांची आहे, पण ऐकते कुठे. मोबाइल मात्र गळ्यात अडकवून ठेवते, तेवढं माझं ऐकलंय तिने.

असो. तर आता तुमचं. नवव्या तुम्ही. शब्दनशब्द तेच. म्हणून आमच्याकडच्या यंत्राने लगेच लाल खूण केली आणि माझ्याकडे पाठवलं. मला राग नाही तुमचा. पाय खरंच मोडलाय, ते मी नाकारत नाही, माणूस कुठेही पडतो, न्हाणीघरात पडतो. आणि मग कुणीतरी येऊन सांगतं, काकू, पडलाच आहात तर एवढं एक वाक्य लिहून द्या. गरज असते माणसाला, मशीन बंद असतं. समजू शकतो मी. मला फक्त एवढंच लिहायचंय की ते वाक्य तुम्ही कुठनं उतरवून घेतलंत. प्रश्न नऊ. "मूळ मजकुराचा स्रोत." तेवढं सांगा, मी निघतो.

— कुठनंच नाही म्हणजे? साइटवर वाचलं असेल. तुम्ही शिडी घेतलीत कधी? — तीन महिने. बरं. आणि घेताना खालचे रिव्ह्यू वाचले असतीलच, सगळेच वाचतात. — वाचलेत ना? मग? — सगळे चांगले होते. चार पॉइंट सात. हो, बरोबर, तेव्हा चार पॉइंट सातच होते, आठ तर त्याच्या महिनाभर आधी मी —

थांबा. एक मिनिट. मला जरा मांडू द्या. आठ रिव्ह्यू होते, ते मी काढले चार महिन्यांपूर्वी. काढले म्हणजे गेलेच, ते कुणालाच दिसत नाहीत, मलासुद्धा साहेबांची परवानगी काढल्याशिवाय दिसत नाहीत. तुम्ही शिडी घेतलीत तीन महिन्यांपूर्वी. पडलात दोन महिन्यांपूर्वी. लिहिलंत त्यानंतर. म्हणजे तुम्ही लिहायला बसलात तेव्हा ते वाक्य जगात कुठेच नव्हतं. पेपर फाडून टाकल्यावर कॉपी कशाची करणार? — नाही, तुम्ही नका बोलू, मी बोलतोय. म्हणजे कुणीतरी सांगितलं असेल. कुणी सांगितलं? — कुणी नाही. बरं, मग तुम्हाला कसं कळलं तिसरी? पाचांतली तिसरीच? आणि डावीकडे? — पडलात म्हणून. पडल्यावर बघितलीत म्हणून.

हं.

बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखं येतं. हे मीच म्हटलं ना मघाशी? मीच म्हटलं. बारा वर्षं वर्गात म्हणत आलोय.

सरका जरा — नाही, तुम्ही नका सरकू, मीच जातो पलीकडनं. मी फक्त उघडतो ती. नियम राहू दे. ही कडी लागली. ही पहिली पायरी, घट्ट आहे. दुसरी, घट्ट. तिसरी — घट्ट आहे की! बघा, हाताने दाबतोय, घट्ट आहे. नुसतं दाबून नाही? पाय ठेवून? बरं, एकच पाय ठेवतो. चढलो. काही नाही, काकू, काहीसुद्धा नाही, आता मी उतर —

आई गं.

नाही, लागलं नाही. टेबल हाताला आलं. तुमचे गणवेश पडले सगळे, ते उचलतो मी नंतर. डावीकडचा खिळा बाहेर येतो वजन सरकलं की, आणि चढताना वजन तिकडे जातच नाही, उतरतानाच जातं. आठ जणांनी लिहिलं होतं मला. सोप्या भाषेत लिहिलं होतं.

किती वाजले? साडेअकरा. अकराला आई आवरायला घेते. माझा फोन कुठे ठेवला मी — फॉर्मखाली — हं. वाजतोय. वाजतोय पण उचलत नाही. काकू, मला भीती वाटतेय. उचल ना गं. गळ्यातच तर आहे तुझ्या. उचल.

आई! कुठे आहेस? — कुठे म्हणजे कुठे, नीट सांग! — माळ्यावर? वर बसलीयेस का शिडीवर उभी आहेस? — बसलीयेस. आतमध्ये. बरं. बरं. हलू नकोस. मी येतोय, तू तिथेच बसून राहा. — मला लागेल पाऊण तास. — काय होतंय पाऊण तास बसायला, लोकर निवड तोवर! — अगं, नीट चढलीस ते खरं, पण उतरताना कलते ती, चढताना काही कळतच नाही. — काय? गॅसवर? कशाला ठेवलंस दूध गॅसवर, माळ्यावर चढायच्या आधी? — उतू जाऊ दे. — शेगडी मी पुसेन! — नाही, ते बरोबर आहे, उतू गेलं की गॅस विझेल आणि नुसताच चालू राहील, ते कळतंय मला. शेजारच्यांना फोन करू का, ते येतील — आतनं कडी लावलीस? मी लावायला सांगितली म्हणून लावलीस. बरं. थांब जरा. थांब. फोन ठेवू नकोस.

काकू, तिला उतरावंच लागणार. कसं उतरायचं? मी सांगू शकत नाही, मला काही माहीतच नाही, मी आठ वाचले आणि त्यातलं काही वाचलंच नाही. एकाने काहीतरी लिहिलं होतं, तिसरी टाळून कसं यायचं ते, चांगलं सविस्तर लिहिलं होतं, मी त्याला म्हटलं फारच पाठ केलेलं दिसतंय. आठवत नाही आता. तुम्ही दोन महिने या शिडीसमोर बसून आहात. तुमच्याइतकी ही कुणालाच ठाऊक नाही. कुठला पाय आधी, तोंड कुठे, धरायचं काय — तुम्ही सांगाल?

आई, ऐक, मी एका काकूंना फोन देतोय. — त्यांनी लिहिलंय या शिडीबद्दल. — नाही गं, पैसे घेऊन नाही लिहिलेलं. खऱ्या आहेत. मी त्यांच्याच घरी उभा आहे. पाय मोडलाय त्यांचा. — हो, याच शिडीवरनं. — मला माहीत होतं का? — हो. होतं. आठ जणांनी सांगितलं होतं मला. — बोल, तुला काय बोलायचं ते सगळं बोल, घरी आल्यावर बोल, पण आधी उतर. आणि आता त्या सांगतील तस्संच करायचं, तुझं मधे काही घालायचं नाही.

घ्या, काकू. कानाशी धरा, तिला थोडं कमी ऐकू येतं, सावकाश बोला. तुम्ही लिहिलं होतंत ते सगळं सांगा, पाचही वेळा लिहिलंत ते. मी गप्प बसतो.